बाटलीवरचं नाव

मंगळवारी सकाळी आमच्या आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेल्या माणसांकडे पाहिलंत, तर प्रत्येकाच्या मांडीवर एक पिशवी दिसेल. पिशवीत वर्तमानपत्राचं पुडकं, पुडक्यात रुमाल आणि रुमालात बाटली. चोरीचा माल असावा तशी ती पिशवी सांभाळली जाते. आत असते सकाळची पहिली लघवी. कोणी ती कोकम सरबताच्या बाटलीतून आणतं, कोणी खोकल्याच्या औषधाच्या. एका निवृत्त मास्तरांनी फेणीच्या चपट्या बाटलीतून आणली आणि टेबलावर ठेवताना सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं सांगितलं, "बाटली शेजाऱ्याची हां, सिस्टर!"

मी नर्स. आधी डिचोली तालुक्यात होते, आता बरीच वर्षं पेडण्यात आहे. प्रेशर आणि साखरेच्या पेशंटांचं रजिस्टर माझ्याकडे असतं. मला याद्या करायची सवय आहे. कोणाच्या गोळ्या कधी संपणार, कोणाचं रक्त तपासायचं राहिलं, कोण दोन महिने फिरकलं नाही, सगळं एका लांबट वहीत असतं. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळा-फुलांच्या माटोळीला काय काय बांधायचं त्याची यादीही आमच्या घरी मीच करते. "हिच्या तेराव्याचं जेवणसुद्धा हीच लिहून ठेवून जाणार," असं माझे यजमान पाहुण्यांना सांगतात. सांगू देत. यादीमुळे माणूस हरवत नाही, असं मी नव्या मुलींना शिकवत आले.

पण यादीत नाव असूनही माणूस हरवू शकतो. साईशचं तेच झालं, आणि हरवणारी मी होते.

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. प्रेशर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हृदय येतं, नाहीतर 'टेन्शन' येतं. मूत्रपिंडाचं नाव कोणी घेत नाही. कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला, मुठीएवढे दोन अवयव. ते रक्त गाळतात आणि अंगातलं मीठ-पाणी किती ठेवायचं, किती सोडायचं ते ठरवतात. शिवाय त्यांच्याकडे आणखी एक काम आहे. तुमच्या वाड्यावर नळाचं पाणी येतं ना? शेवटच्या घरात धार बारीक झाली की तो घरवाला टाकीवरच्या माणसाला फोन करतो, "अरे, प्रेशर वाढव!" टाकीवरचा माणूस प्रेशर वाढवतो, आणि शेवटच्या घरासाठी सगळ्या वाड्यातले नळ फडफडायला लागतात. मूत्रपिंड हे ते शेवटचं घर. ते आजारी पडलं, त्याची गाळणी सुजली किंवा त्याला रक्त कमी पोचलं की ते सारखं निरोप पाठवत राहतं, प्रेशर वाढव, प्रेशर वाढव. वाढलेलं प्रेशर पुन्हा त्याच नाजूक गाळण्यांवर आदळतं आणि त्या आणखी खराब होतात. एकदा हे चक्र सुरू झालं की माणसाला काही कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही.

हे मी डिचोलीतच शिकले होते. तिथे बाजारात भाजी विकणारी लक्ष्मीबाय म्हणून एक बाई होती. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून दुखीची गोळी आणायची आणि रोज सकाळी चहाबरोबर घ्यायची. वर्षानुवर्षं. तिचं प्रेशर कशानेच उतरेना. तेव्हाच्या डॉक्टरांनी आधी ती गोळी बंद केली, मग लघवी आणि रक्त तपासलं. मूत्रपिंडांना इजा झालेली होती, पण गोळी सुटल्यावर प्रेशर बरंचसं आवाक्यात आलं. म्हणजे मला माहीत होतं. माहीत असलेल्या माणसाची चूक जास्त लागते, म्हणून हे आधी सांगितलं.

साईश सत्तावीस वर्षांचा. मोप्याच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करणाऱ्या एका कंपनीत त्याची निवड झाली होती. आधी चार वर्षं कोणाकोणाच्या टेम्पोवर काढलेली. हे पहिलंच काम, ज्यात महिन्याच्या महिन्याला पगार आणि गळ्यात ओळखपत्र असणार होतं. कंपनीच्या मेडिकलमध्ये त्याचं प्रेशर निघालं एकशे सत्तर आणि एकशे दहा. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, सरकारी केंद्रात जा, दीड महिन्यात प्रेशर ताब्यात आण आणि तसं पत्र घेऊन ये.

तो आला तोच घाईत. भरगच्च खांदे, नवा शर्ट.

"सिस्टर, माका कांयच जायना. तकली दुखना, घेरी येना. तुमी फक्त पत्र दियात."

"कांय जायना म्हणूनच तर बस," मी म्हटलं. "पत्र प्रेशरला विचारून देतात, तुला विचारून नाही."

आमच्या डॉक्टरबाई फोंड्याच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण पक्क्या. इतक्या तरुण माणसाचं प्रेशर एवढं वर असलं तर कारण शोधायचंच, हा त्यांचा नियम. त्यांनी गोळी सुरू केली आणि रक्त, लघवी दोन्ही लिहून दिलं. मी साईशला सांगितलं, उद्या सकाळची पहिली लघवी घेऊन ये. पहिलीच का, तर रात्रभर साठलेली असते, त्यात प्रथिन जात असलं तर नीट दिसतं. हे मी इथे तुम्हाला सांगते आहे. त्याला सांगितलं नव्हतं. बाकावर अजून वीस माणसं होती. वहीत 'लघवी सांगितली' यापुढे खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी तो खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून घेऊन आला. मी कागदाची पट्टी बुडवली. प्रथिन नाही, रक्त नाही. मूत्रपिंडाच्या बाजूने स्वच्छ. मात्र साखरेचा चौकोन गडद झाला. रक्तातली साखर तर अगदी व्यवस्थित होती.

"बाटली धुतली होती का?" मी विचारलं.

"धुयल्ली मगो."

"औषधाचा गोडवा राहिला असेल." मी त्याला आमची नवी, कोरी बाटली दिली. पुढच्या वेळी त्यातून आणली. प्रथिन नाही आणि साखर पुन्हा गडद. डॉक्टरबाई कागदाकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, काही माणसांची मूत्रपिंडं जन्मतःच थोडी साखर सोडून देतात, तसलं काही असेल. रक्तात मूत्रपिंडाचा आकडा वरच्या रेषेला जेमतेम टेकला होता, पण अंगाने दणकट पोरांमध्ये तो कधी कधी तसा असतो. लघवीत प्रथिन असतं तर त्यांनी त्याला त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात पाठवलं असतं. ते नव्हतं. म्हणून गोळी वाढवून दोन आठवडे थांबायचं ठरलं.

दोन आठवड्यांनी प्रेशर एकशे चौसष्ट आणि एकशे सहा. गोळी वाढवूनही.

अशा वेळी आमच्या डोक्यात पहिली शंका येते की हा गोळ्या घेत नाही. दहातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत ती खरी असते. माझ्या रजिस्टरात त्यासाठी लाल शाईचा शेरा आहे. मी तो लिहिला. आणि लिहून थांबले नाही. भरलेल्या बाकासमोर म्हटलं, "एअरपोर्टवर लोकांच्या बॅगा उचलणार म्हणतोस, आणि तुला सकाळची एक गोळी उचलवत नाही?"

बाक हसला. साईशच्या मानेपर्यंत रक्त चढलेलं मला दिसलं. तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई, सत्यवतीबाय, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. रांग मोडून सरळ माझ्या टेबलाशी. डबा उपडा केला. गोळ्यांची रिकामी पाकिटं टेबलभर पसरली.

"माज्या पुताक तुमी सगळ्यां मुखार फटिंग म्हटलात? हांव सकाळी उबी रावन त्याच्या तोंडात गोळी घालतां. मोजा!"

"सत्यवतीबाय, खोटारडा नाही म्हटलं मी…"

"मग कितें म्हटलात? मोजा म्हणटां न्हय?"

मी मोजली. दिवस आणि गोळ्या तंतोतंत जुळल्या. खरं तर तिथेच मी समजायला हवं होतं. पण लाल शाई वाळलेली असली की माणसाला आपणच बरोबर वाटतो. मला वाटलं, आईसमोर जिभेखाली धरत असेल आणि मागल्या दारी थुंकत असेल. असे लोक मी पाहिले आहेत. वहीत लिहिलं, 'घरभेट'. दिलेल्या मुदतीतले दहा दिवस उरले होते.

शनिवारी दुपारी स्कूटरने त्यांच्या वाड्यावर गेले. अंगणात साईशचे वडील, सगुणबाब, सुपारी सोलत बसलेले. माणूस सुकलेला, चिवट. शेजारी पाण्याचा तांब्या. मी बसून पहिला प्रश्न विचारेपर्यंत त्यांनी तो संपवला आणि आत हाक मारली, "गो, उदक हाड!" दुसरा तांब्या आला. तोही अर्धा झाला आणि सगुणबाब उठून घरामागे गेले.

"सारके भायर," सत्यवतीबाय पुटपुटली. "आनी परसांत त्या माडाच्या मुळात मुंगयोच मुंगयो. पावडर मारून वाजेवन गेलें हांव."

"कुठल्या माडाच्या?"

"ते लघवीक वतात थंय."

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ही खूण ठाऊक आहे. जिथे एखाद्याने लघवी केली तिथे मुंग्या लागल्या, तर त्या माणसाकडे लक्ष द्यायचं. मी सत्यवतीबायबरोबर मागे जाऊन पाहिलं. माडाच्या बुंध्याला काळी रेघ वर-खाली हलत होती. मी तिथेच उभी राहिले. डोक्यात वहीची दोन पानं समोरासमोर आली. तरुण पोराच्या लघवीत साखर, रक्तात नाही. आणि इथे हा बाप.

अंगणात परत आले आणि पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं.

"सगुणबाब, बोट द्या."

"माका कितें जाता? ह्या वर्साय हांव माडार चडलां!"

"माडावर चढलात ते चांगलं केलंत. बोट द्या."

आकडा तीनशेच्या वर गेला. मी यंत्र साईशसमोर धरलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"साईश, तू आणलेल्या दोन्ही बाटल्या कोणाच्या होत्या?"

तो बापाकडे पाहायला लागला. बाप सुपारीकडे.

"सांग," मी म्हटलं. "मी ओरडणार नाही. ओरडून झालंय माझं."

"बापायच्यो," तो म्हणाला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याच्या ओळखीचा एक पोर दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या मेडिकलमध्ये नापास झाला होता आणि गावात बोलवा अशी, की लघवीत दारू सापडली. साईशने आदल्या रविवारी मित्राच्या लग्नात दोन बियर घेतल्या होत्या. मी त्याला लघवी आण म्हटल्यावर त्याला वाटलं, ही तपासणी त्यासाठीच, आणि इथून कागद थेट कंपनीत जाणार.

"घरात भाऊ आहे, त्याची का नाही आणलीस? निदान वयाने तरी जुळली असती," मी विचारलं.

"भावाची खंयची सिस्टर! तो माज्यापरस चड घेता. घरांत न घेवपी एकटोच, बापूय."

सगुणबाब आता तावातावाने बोलायला लागले. "पुताक काम मेळचें म्हण दिली. मूतच न्हय तें? किडनी दिवंक ना!"

मला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. कारण आता कळत होतं की साईशची स्वतःची लघवी या पाच आठवड्यांत कोणीच पाहिलेली नाही. पोराने फसवलं खरं. पण मी त्याला बाटली दिली होती, कारण दिलं नव्हतं. 'प्रेशर मूत्रपिंडामुळे असू शकतं, तेवढंच बघायचं आहे, दारूशी आणि कंपनीशी याचा संबंध नाही,' एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. माझ्या यादीत त्या अर्ध्या मिनिटाला रकाना नव्हता.

सोमवारी सकाळी तो आला. केंद्राच्या संडासात जाऊन बाटली भरून आला. वर साबणाच्या पाण्यासारखा फेस. पट्टी बुडवली. साखर नाही. प्रथिनाचा चौकोन पार हिरवागार झाला, आणि रक्ताचाही. डॉक्टरबाईंनी पट्टी उजेडाला धरली, खाली ठेवली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. त्याच दिवशी तो पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात गेला. पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला. गाळण्यांना आतून सूज होती. कधीपासून ते सांगता येणार नाही, म्हणाले. प्रेशर त्या सुजेमुळेच. थोडं नुकसान झालेलं होतं, ते भरून यायचं नव्हतं. उरलेलं वाचवता येण्यासारखं होतं.

त्या पाच आठवड्यांनी नेमकं किती नुकसान केलं, हे मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं मोजता येत नाही. मी याद्या करणारी बाई. न मोजता येणारी गोष्ट माझ्याकडे कायमची शिल्लक राहिली आहे.

सगुणबाबही पोराबरोबर गेले होते. तिथे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "माजी चलता जाल्यार काडात. एक बाकी पुरो माका." डॉक्टरांनी त्यांना समजावलं की तशी वेळ आलेली नाही, आणि आली तरी एवढी साखर असलेल्या माणसाचं मूत्रपिंड घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या केंद्राच्या पायरीवर बसलेले. "माजें नांव घाल तुज्या वहीत," म्हणाले. तोवर ते मला तुमी म्हणत. त्या दिवसापासून तू.

कंपनीची मुदत गेली. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. साईश आठ दिवस घरातून बाहेर पडला नाही. मग मी आणि डॉक्टरबाई दोघी गेलो आणि त्याला एक वही दिली. तारीख, सकाळचं प्रेशर, संध्याकाळचं प्रेशर, कोणत्या गोळ्या घेतल्या, पायाला सूज आहे की नाही. "काम परत येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते येईल तेव्हा तुझ्याकडे दाखवायला काहीतरी असलं पाहिजे."

त्याने ती वही भरली. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी तोंड फुगलं, पोरं त्याला वाड्यावर "पाव" म्हणायला लागली, तरी भरली. मिठाशी त्या घराचं युद्ध झालं. पहिल्या आठवड्यात सत्यवतीबाय अभिमानाने म्हणाली, "मीठ सोडलां आमी." आणि पानात तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी, वर सुक्या बांगड्याचा तुकडा! मी विचारलं, हे काय? "तें मीठ न्हय, तें तोर." मी स्वयंपाकघरात बसून बरण्यांची यादी केली. कुठली बंद, कुठली सणाला, कुठली शेजाऱ्याला द्यायची. तोराची बरणी शेवटी मीच घरी आणली. आमच्याकडे ती चार दिवसांत संपली, हे मी तिला सांगितलेलं नाही.

आता केंद्रात काम बदललं आहे. बाटलीवरचं नाव माझ्या टेबलावर, माझ्यासमोर लिहिलं जातं, आणि लिहिताना ती तपासणी कशासाठी आहे ते मी सांगते. प्रत्येकाला. रांग वाढते. बाक कुरकुरतो. कुरकुरू दे.

वर्ष होत आलं तेव्हा विमानतळावर पुन्हा भरती निघाली. साईश मंगळवारी आला. भरलेला बाक, सगळ्यांच्या मांडीवर पुडकी. तो चालत आला तो हातात उघडी बाटली धरून. ना कागद, ना रुमाल. पुढची मावशी पदर तोंडाला लावून सरकली. त्याने बाटली माझ्या टेबलावर, रजिस्टरच्या बरोबर शेजारी ठेवली.

"सिस्टर, हें माजेंच."

बाक हसला. या वेळी तोही हसला.

प्रेशर एकशे अठ्ठावीस आणि ऐंशी. पट्टीवर प्रथिन पूर्ण गेलेलं नव्हतं, फिकट हिरवा रंग होता, आणि तो कदाचित राहील. डॉक्टरबाईंनी पत्रात काहीही लपवलं नाही. मूत्रपिंडाचा आजार आहे, उपचार चालू आहेत, प्रेशर ताब्यात आहे, कामास योग्य, मात्र जड ओझी नकोत. साईशने ते दोनदा वाचलं. "ह्या पत्रार घेतीत?"

"नाही घेतलं तर पुढच्या कंपनीला दुसरं लिहू," त्या म्हणाल्या. "खोटं लिहिलं तर तू पुन्हा बापाची बाटली घेऊन येशील."

तो बाहेर गेल्यावर मी मागच्या वर्षाचं रजिस्टर काढलं. लाल शेरा खोडला नाही. आमच्याकडे नोंद खोडत नाहीत. शेजारी निळ्या शाईने लिहिलं, 'वरील शेरा चुकीचा. पेशंट गोळ्या नियमित घेत होता.' खाली सही आणि तारीख.

कंपनीने त्याला घेतलं. ओझ्यांवर नाही, दारावर प्रवेशपत्रं तपासायला. आता तो दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ड्युटी सुटल्यावर गणवेशातच येतो, बापाला स्कूटरवर मागे बसवून. दोन बाटल्या असतात. एकीवर माझ्यासमोर साईशचं नाव लिहिलं जातं, दुसरीवर सगुणबाबांचं. गेल्या महिन्यात सगुणबाबांनी माझ्या हातातून पेन घेतलं, आपल्या नावाखाली आणखी काहीतरी लिहिलं आणि बाटली माझ्याकडे सरकवली.

'पुताचें न्हय.'

मी दोन्ही पट्ट्या बुडवल्या, वहीत दोन खुणा केल्या आणि पुढचं नाव पुकारलं.